'दरी', 'फाळणी' की 'तटबंदी'?

प्रलयोत्तर कथांमधल्या श्रीमंत-गरीब भेदावर लेख लिहितेय. दर दोन ओळींमागे 'दरी' येते. याहून नेमका शब्द सुचवाल का?

– 'दरी' जपून वापरा. दरी कुणी खणत नाही, ती असतेच. वर्तमानपत्रांत तर ती आपोआप 'रुंदावते'. आकड्यांपुरती ती चालेल. २०२२च्या जागतिक विषमता अहवालानुसार जगातल्या वरच्या १० टक्के लोकांकडे ७६ टक्के संपत्ती आहे, खालच्या निम्म्या लोकांकडे २ टक्के. हे अंतर आहे, म्हणून दरी. पण 'स्नोपीअर्सर' (२०१३) हा चित्रपट घ्या. तापमानवाढ रोखायला हवेत रसायन फवारलं, पृथ्वी गोठली, उरलीसुरली माणसं एका आगगाडीत. शेवटच्या डब्यात किड्यांपासून केलेल्या काळ्या वड्या, पुढे सुशी. मधे दरी कुठाय? दारं आहेत, हत्यारबंद पहारा आहे. कुणीतरी हे उभारलंय आणि रोज राखतंय. तिथे 'तटबंदी'च हवी.

– 'फाळणी' कसा वाटतो?

– नको. मराठी वाचकाला त्या शब्दाबरोबर १९४७ आठवणारच. शिवाय फाळणीत भूभागाचे तुकडे पडतात. १९८०च्या ब्रँट अहवालातली श्रीमंत उत्तर-गरीब दक्षिण ही रेषासुद्धा ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला श्रीमंतांत घ्यायला खाली वळवली होती. म्हणजे ती भूभाग तोडत नाही, देशांची संपत्तीनुसार वर्गवारी करते. तिला 'विभागणी' म्हणावं.

– मग 'गावकुसाबाहेरचे'? कूस म्हणजे तटच की.

– अर्थ बसतो, तरी माझा विरोध आहे. त्या शब्दामागे अस्पृश्यतेचा खराखुरा इतिहास आहे, माणसं तिथे राहिली आहेत. कल्पित आगगाडीसाठी तो उसना घेतला की त्याची धार जाते. जातीबद्दलच बोलायचं असेल तेव्हा अवश्य वापरा.

– माझीही एक भर: 'आहे रे' आणि 'नाही रे' राहिलेच! माणसांसाठी याहून चांगली जोडी नाही. फक्त 'नाही रेंना' असं लिहू नका, 'नाही रे वर्गाला' लिहा. आणि कथा बघून वापरा. एच. जी. वेल्सच्या 'द टाइम मशीन' (१८९५) या कादंबरीत जमिनीवरचे नाजूक एलॉय हे जुन्या 'आहे रें'चे वंशज, पण भुयारातले मॉरलॉक त्यांनाच खातात. तिथे 'आहे रे' कुणाला म्हणायचं, हे लेखात आधी ठरवावं लागेल.