मदत हवी आहे : गिटारच्या बॉडीला हलकं लाकूड कोणतं?

मंडळी, घरी इलेक्ट्रिक गिटार बनवतोय. नेक (तारांखालचा लांब दांडा) आणि पिकअप (तारांची कंपनं टिपणारे चुंबकी भाग) तयार आणलेत, अडलंय ते बॉडीपाशी.

पहिली बॉडी जुन्या वाड्याच्या सागवानी दाराची केली. दिसायला देखणी, पण ४५ मिमी जाडीत नुसतं लाकूडच पावणेतीन किलो भरलं! अर्धा तास उभं राहून वाजवलं की डावा खांदा बोलायला लागतो. (दार कापलं म्हणून आईची बोलणी वेगळी.)

बाहेर अल्डर, स्वॅम्प अ‍ॅश, बासवुड वापरतात. ते मागवणं खिशाला झेपणारं नाही. इथल्या वखारीत शिवण मिळेल म्हणतात. मिरजेला सतारीला तूण वापरतात, तेही हलकंच. सावर मात्र नको वाटतं. नखाने ओरखडा उठतो, ब्रिजचे (बॉडीवर तारा टेकतात त्या पट्टीचे) स्क्रू तारांच्या ताणाला कसे टिकणार? शिवाय बॉडी फारच हलकी झाली की पट्ट्यावर नेक खाली झुकतो, तेही नको.

तर विचारायचं हे, की शिवण किंवा तूण कुणी बॉडीला वापरलंय का? स्क्रू धरतं का? नाशिक किंवा आसपास नीट वाळलेली, निदान दोन इंची फळी कुठे मिळेल? ओल्या लाकडाचा धसका आहे. मागे एक फळी पावसाळ्यानंतर पापडासारखी वाकली होती.

सुतारकाका म्हणतात, सागच आतून पोकळ कर. राऊटरने (लाकूड कोरायच्या मशीनने) पोकळ्या काढून वर पातळ फळी चिकटवली तर किती वजन उतरेल? कुणी केलं असेल तर फोटो टाका.