आई-बाबा तीन महिने जर्मनीला चाललेत, युरो रोख द्यायचे की कार्डावर?

खानापूरची लेक

नमस्कार मंडळी. माझा भाऊ स्टुटगार्टजवळ असतो. वहिनीचं बाळंतपण आहे म्हणून आई-बाबा पुढच्या महिन्यात तिकडे चाललेत. व्हिसा झालाय, विमान बेंगळूरहून आहे. दोघंही पहिल्यांदाच देशाबाहेर.

प्रश्न पैशांचा आहे. बाबा नंदगडच्या शाळेतून निवृत्त झालेत. पेन्शन जमा झाली की खानापूरला जायचं आणि महिन्याला लागणारी सगळी रक्कम एकदमच रोख काढून आणायची, ही त्यांची कायमची पद्धत. "कार्ड चाललं नाही तर परमुलखात कुणाच्या तोंडाकडे बघायचं?" म्हणून ते सगळे युरो रोखच न्यायचे म्हणतात. आईनं त्यांच्या बंडीला आतून चोरखिसा शिवायलाही घेतलाय. भाऊ म्हणतो काहीच आणू नका, मी आहे ना. माझ्या मिस्टरांचं म्हणणं, सगळं कार्डावर भरून टाका. बाबांनी साधारण एक लाख रुपये बाजूला काढलेत. त्यांचं पेन्शनचं कार्ड रुपे आहे, ते तिकडे चालेल का? कुणाच्या घरचं वडीलधारं माणूस असं जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

चिकोडीकर, सध्या बेंगळूर

ताई, रोख नेऊच नका. हरवली तर गेलीच, कार्ड हरवलं तर ॲपवरून लगेच बंद करता येतं. मी कामासाठी जाऊन येतो, टॅप केलं की झालं. फक्त एक लक्षात ठेवा, 2020 पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नवीन कार्ड हातात येतं ते फक्त देशात चालणारं. परदेशी वापर ॲपमध्ये जाऊन आपणच चालू करायचा असतो. तेवढं केलं की काळजी नाही.

टिळकवाडी, बेळगाव

चिकोडीचे दादा सांगतात ते त्यांच्यासाठी बरोबर आहे. पण ते नोकरदार माणूस, हॉटेलात राहणार, कंपनीच्या कामाला जाणार. इथं आई-बाबा मुलाच्या घरी तीन महिने राहणार आहेत. त्यांचा खर्च वेगळा असतो. माझी लेक न्युर्नबर्गला असते, आम्ही दोघं बाळंतपणासाठी आणि नंतरही तिकडे जाऊन राहिलोय, म्हणून सांगते. शिवाय माझी सगळी नोकरी पतसंस्थेच्या काउंटरवर झाली, त्यामुळे पैशाच्या बाबतीत मी जरा बारकाईनं बघते.

पहिलं म्हणजे, भाऊ "मी आहे ना" म्हणतो ते प्रेमानं म्हणतो, पण ते ऐकू नका. तो सकाळी कामाला जाणार, वहिनी बाळाजवळ. आईला खाली जाऊन ब्रेड आणावासा वाटला, बाबांना बाकावर बसून कॉफी प्यावीशी वाटली, तर दर वेळी मुलाकडे दोन युरो मागायचे का? ज्या माणसानं आयुष्यभर घर चालवलं त्याला ते फार लागतं. आणि बारशाला आजीनं बाळाच्या हातावर काही ठेवायचं तर ते तिच्या स्वतःच्या पर्समधून निघायला हवं. म्हणून मी म्हणेन, रोख की कार्ड हे ठरवताना आधी दराचा हिशोब मांडू नका. कोण खर्च करणार, कुठे करणार आणि कुणाच्या हाताला काय सवयीचं आहे ते बघा. दर त्यानंतर.

आता जर्मनीचं. आपल्याला वाटतं सगळा युरोप कार्डावर चालतो, पण जर्मन माणूस अजून रोख पैसे बाळगतो. मोठ्या दुकानात, औषधाच्या दुकानात, स्टेशनवर कार्ड चालतं. पण कोपऱ्यावरची बेकरी, आठवडी बाजारातला भाजीवाला, लहानसं हॉटेल, इथं बऱ्याच वेळा रोखच लागते. काही दुकानांत कार्डाचं मशीन असतं, पण ते गिरोकार्ड म्हणजे जर्मन बँकांचं तिथलं कार्डच घेतं, आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड घेत नाही. मशीन बघून माणूस निर्धास्त होतो आणि पिशवी भरल्यावर कळतं.

सुट्टे पैसे तर लागतातच. दुकानाबाहेरच्या ट्रॉल्या एकमेकींना साखळीनं अडकवलेल्या असतात. एक युरोचं नाणं खाचेत घातलं की ट्रॉली सुटते, परत जागेवर लावली की नाणं परत मिळतं. हमरस्त्यावरच्या टॉयलेटला एक युरो. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर 25 सेंट अनामत घेतात, रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये घातली की तेवढ्याची चिठ्ठी मिळते, ती बिलातून वजा होते. आमच्या घरी हे बाटल्यांचं काम यजमानांनी आपणहून अंगावर घेतलं होतं, रोज पिशवी घेऊन निघायचे. आपल्याकडे पैसे बदलून देणारे नुसत्या नोटा देतात, नाणी देत नाहीत. म्हणून पहिल्या दिवशीच बेकरीत दहाची नोट मोडून घ्यायची.

त्या बेकरीतलं एक सांगते, कारण आईला त्याचीच धास्ती असेल. काउंटरवर एक लहानशी तबकडी ठेवलेली असते. पैसे हातात द्यायचे नाहीत, त्या तबकडीत ठेवायचे, बाईसुद्धा मोड त्यातच ठेवते. पहिल्यांदा मी घाबरले होते, नाणी ओळखू येईनात. माझ्या पुढच्या जर्मन आजीबाईंनी पर्स उघडली आणि एकेक सेंट निवडून तबकडीत मांडत बसल्या. मागे रांग होती, पण कुणी हूं की चूं केलं नाही. मग मीही सगळी नाणी तळहातावर घेऊन पुढे केली, बाईनं बघून हवी तेवढी उचलली, बाकीची राहू दिली. दोन-चार दिवसांत नाणी हाताला ओळखीची होतात.

एक लाख रुपयांचं मी असं करीन. हिशोबाला सोपं जावं म्हणून युरो शंभर रुपये धरा, म्हणजे हजार युरो. त्यातले साडेतीनशे रोख, बाकीचे फॉरेक्स कार्डावर, म्हणजे निघायच्या आधी परकीय चलन भरून घ्यायचं कार्ड. रोखीत पन्नासच्या दोन-तीनच नोटा घ्या, बाकी वीस, दहा आणि पाच. दोनशेची नोट कुणी दिली तर घेऊ नका, लहान दुकानदार ती घेत नाहीत. पाचशेची तर बँकांनी 2019 पासून देणंच बंद केलंय. आणि ही रोख एका चोरखिशात नको. शंभर-दीडशे आईच्या पर्समध्ये, तिच्या नावाचे, तिनं कुणाला न विचारता खर्च करायचे. बाकीचे बाबांकडे. चोरखिसा शिवू दे, प्रवासाला तो चांगलाच.

खानापूरची लेक

काकू, तुमचं वाचून आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ट्रॉलीचं ऐकून बाबासुद्धा पेपर बाजूला ठेवून बसले. आणखी दोन गोष्टी विचारते. रुपे कार्डाचं राहिलं. आणि भावाच्या मनात दोन दिवस स्वित्झर्लंडला न्यायचं आहे, तर फ्रँक वेगळे घ्यावे लागतील का? फॉरेक्स कार्ड बाबांना जमेल का हीच शंका आहे.

टिळकवाडी, बेळगाव

रुपेवर विसंबू नकोस. परदेशी वापरासाठी वेगळं रुपे मिळतं, पण युरोपातल्या दुकानात ते चालेलच असं नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्डवालं युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड घे. भरताना जो दर तोच राहतो, नंतर युरो चढला तरी चिंता नाही. साध्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डावर मात्र बँक दर व्यवहाराला वरून काही टक्के लावते. समज साडेतीन टक्के लावले आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, तर हजार युरोच्या खरेदीवर 41 युरो नुसते त्यात जातात. क्रेडिट कार्डानं एटीएममधून रोख तर काढूच नये, त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं.

बाबांना जमेल, का नाही जमणार? ज्यांनी एवढी वर्षं शाळा सांभाळली त्यांना चार आकडे जड नाहीत. फक्त सराव हवा. फॉरेक्स कार्ड भारतात चालत नाही, म्हणून सराव त्यांच्या रुपे कार्डावरच करून घे. बेळगावला आलात की त्यांना दुकानात पुढे उभं कर, स्वतः कार्ड घालू दे, स्वतः पिन दाबू दे, पावती स्वतः वाचू दे. तू हात लावू नकोस. तिकडे दुकानात ओटीपी येत नाही, पिनवरच काम होतं. पन्नास युरोच्या आतलं बिल नुसत्या टॅपवरही जातं, पण कधीमधी पिन मागतात, तेव्हा तो पाठ पाहिजे.

एक गोष्ट मात्र घोकून घ्यायला लाव. मशीनवर किंवा एटीएमवर कधी कधी विचारतात, पैसे रुपयात घ्यायचे की युरोत. रुपये बघून आपल्या माणसाला ओळखीचं वाटतं आणि बोट तिकडेच जातं. तिथं नेहमी युरो दाबायचं. रुपये दाबले की दर ते मशीनवाले लावतात आणि तो आपल्याला महागच पडतो. पैसे काढायचे झाले तर खऱ्या बँकेच्या एटीएममधून, एकदाच जास्त काढायचे, कारण दर वेळी शुल्क बसतं.

जोडीला दुसरं कार्ड मिळतं का ते बँकेत विचार. मिळालं तर एक बाबांकडे, दुसरं भावाच्या घरी कपाटात. दोन्ही एका पाकिटात ठेवायची नाहीत. आणि बाबांचं सिम परदेशात चालू राहील अशी सोय कर, बँकेचे मेसेज त्यावरच येणार.

निपाणीकर

मध्येच बोलतो, माफ करा. व्यापारानिमित्त मला बाहेर जावं लागतं. फ्रँकसाठी वेगळी खटपट नको. युरोचं कार्ड तिथं चालतं, फक्त चलन बदलल्याचं थोडं शुल्क कापतात, दोन दिवसांच्या खर्चाला ते परवडतं. बऱ्याच ठिकाणी युरोच्या नोटाही घेतात, पण सुट्टे फ्रँकमध्ये देतात, म्हणून लहान नोट पुढे करायची.

दुसरं, कुणीतरी तुम्हाला डॉलर घ्या म्हणून सांगेल. युरोच्या देशात जाताना डॉलर नेणं म्हणजे दोनदा बदलणावळ. सरळ युरो घ्या.

पैसे घेताना परवाना असलेल्याच ठिकाणी घ्या आणि बिल मागा. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि पॅन कार्ड लागतं. आमच्याकडे कमिशन नाही, असं म्हणणाऱ्यांकडे जास्त लक्ष द्यायचं नाही. दोन-तीन ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा: सगळं धरून एक लाखात हातात किती युरो पडतील? उत्तर लागलीच कळतं. जीएसटी लाखाला 180 रुपये बसतो, त्याचं काही नाही. विमानतळावर बदलायचं मात्र ठेवू नका, तिथला दर अंगावर येतो.

आणि ताई, बाबा सवयीप्रमाणे एक लाख रोख काढून आणतील, तसं चालणार नाही. 50,000 रुपयांच्या वरचं परकीय चलन रोखीनं विकत घेता येत नाही. चेकनं किंवा खात्यातून पाठवा. खानापूरची फेरी वाचेल त्यांची.

खानापूरची लेक

बरं झालं सांगितलंत. बाबा उद्याच काढायला निघाले होते! बँकेत विचारलं, युरोच्या नोटा मागवाव्या लागतील म्हणाले, चार दिवस आधी सांगायचं ठरलं. आईनं "माझे वेगळे" हे मात्र लगेच ठरवून टाकलं, लाल पर्सही काढली. शेवटचं विचारते, उरलेले पैसे परत आणले तर काही अडचण?

टिळकवाडी, बेळगाव

काही अडचण नाही. 2,000 डॉलरच्या किमतीपर्यंत परकीय नोटा घरात ठेवता येतात, तुमचं त्याच्या आतच असणार. त्यावरचं असेल तर आल्यापासून 180 दिवसांत परत करायचं. कार्डावर उरलेले युरो रुपयात करून घेता येतात, पण बदलताना दर कमी मिळतो. पुन्हा जायचं नक्की असेल तर कार्डाची मुदत बघून तसेच राहू दे. नाणी मात्र इकडे कुणी परत घेत नाही. निघायच्या आधी ती सगळी भावाच्या घरी एका डबीत घालून ठेवायला सांग, त्यालाही ट्रॉलीला लागतातच.

पर्समध्ये भावाचा पत्ता आणि फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायला विसरू नकोस, आईच्याही आणि बाबांच्याही.