लापान-ए२ (आयओ-८६) या उपग्रहावरचा हौशी रेडिओ रिपीटर (आलेला आवाज पुन्हा प्रसारित करणारा संच) नाशिकहून मिळेल का?

गच्ची_सिडको: ५ वॅटचा ड्युअल बँड (दोन फ्रिक्वेन्सी-पट्ट्यांचा) हँडसेट आहे, हौशी रेडिओचा परवाना आहे. डाउनलिंकवर (उपग्रहाकडून येणारा सिग्नल), म्हणजे ४३५.८८० मेगाहर्ट्झवर, नुसती खरखर. कक्षेचा विषुववृत्ताशी कल फक्त ६ अंश, मग आपल्या २० अक्षांशावरून तो दिसतो तरी का?

यागीवाला: दिसतो, पण कायम दक्षिणेला आणि खाली. उंची साधारण ६५० किमी. तो ६ अंश उत्तर अक्षांशावर असताना नाशिकहून जेमतेम १४-१५ अंश वर येतो, विषुववृत्तावर असला तर ५, आणि दक्षिणेकडे पुरता झुकला की क्षितिजाखालीच. फेरी दर पावणेदोन तासांनी, पण निम्म्या सोडूनच द्या. पांडवलेणीचा डोंगर नैऋत्येला आडवा येत असेल तर सुरुवातीची मिनिटं गेली. रबरी अँटेना विसरा. ७० सेंमीला (४३५ मेगाहर्ट्झचा बँड) ५-६ एलिमेंटची (दांड्यांची) यागी, म्हणजे एका दिशेला रोखायची अँटेना, हवी.

अपलिंक (उपग्रहाकडे जाणारा सिग्नल) १४५.८८०, टोन (रिपीटर उघडणारा सूर) ८८.५ हर्ट्झ. डॉपलरसाठी (उपग्रहाच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सी सरकते) मेमरीत ४३५.८८५, .८८०, .८७५ याच क्रमाने भरा.

डीबी_लॉस: आधी वेळापत्रक बघा, रिपीटर सदैव चालू नसतो. त्याचं मुख्य काम पृथ्वीची छायाचित्रं आणि जहाजांचे एआयएस (ओळख आणि स्थान सांगणारे) संदेश टिपणं. आणि गच्चीवरून १० मीटर आरजी-५८ (बारीक अँटेना केबल) खाली सोडू नका, ४३५ वर निम्म्याहून जास्त सिग्नल केबलच खाते.

गच्ची_सिडको: बोलताना स्वतःचा डाउनलिंक ऐकायला दुसरा सेट लावला तर?

यागीवाला: लावाच. मात्र १४५.८८० ची तिसरी हार्मोनिक (तिप्पट फ्रिक्वेन्सी) ४३७.६४ वर, डाउनलिंकच्या जवळच पडते, रिसीव्हर बहिरा होतो. डिप्लेक्सर (दोन बँड वेगळे करणारा फिल्टर) टाका, किंवा अँटेना लांब ठेवा.