हॉल ते बेडरूम सलग लॅमिनेट: दारात पट्टी हवीच का?

प्रतापनगरकर: हॉल, पॅसेज, दोन बेडरूम, सगळीकडे ८ मिमीचं लॅमिनेट (लाकडासारख्या दिसणाऱ्या फळ्यांची फरशी) सलग टाकायचंय. लांबी ३८ फूट. मिस्त्री म्हणतो, दारात फळ्यांमध्ये फट सोडून ती झाकणारी पट्टी लागेलच. बायकोच्या डोळ्यात ती खुपते. काय करू?

इतवारीचा सुतार: भाऊ, मिस्त्रीचं ऐका. फळ्या दमटपणानं फुगतात, अन् आपल्याकडे मे महिन्यात कूलर दिवसभर ओली हवा फेकतो. जागा नसली की दारातच उचलतात. भिंतीलगत १० मिमी फट सोडा, ती भिंतीच्या पायाशी लागणाऱ्या स्कर्टिंगखाली झाकते. दाराची चौकट खालून थोडी कापा, म्हणजे फळी तिच्याखाली सरकेल. फळ्यांचे खोके टाकण्याआधी ४८ तास त्याच खोलीत आडवे ठेवा.

मानेवाड्याची ताई: मी पट्टी टाळली होती. जुलैत पॅसेजमध्ये उंटाची पाठ!

प्रतापनगरकर: बरं बाप्पा, पट्टी. बायकोला तुम्हीच सांगा.