ए-२० एन्झाइम साखळी कापतं की नुसतं धरून ठेवतं? मदत हवी आहे

शंकासूर

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या सेमिनारसाठी टीएनएफ (दाह पेटवणारा संदेशवाहक रेणू) च्या रिसेप्टरचा संकेतमार्ग घेतला आहे आणि त्यातल्या ए-२० या प्रथिनापाशी पुरता अडकलो आहे. जाणकारांनी मदत करावी.

मला जेवढं कळलंय ते आधी मांडतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना कुठून सुरुवात करायची ते समजेल. टीएनएफ आपल्या रिसेप्टर-१ ला चिकटला की पेशीच्या आतल्या बाजूला ट्रॅड, ट्राफ-२, सीआयएपी आणि आरआयपीके-१ ही प्रथिनं गोळा होतात. सीआयएपी हे आरआयपीके-१ वर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाच्या के-६३ साखळ्या चढवतं (के-६३, के-४८, एम-१ ही नावं साखळीतल्या कड्या कुठे जोडल्या आहेत त्यावरून). मग लुबॅक हा एन्झाइमांचा समूह येऊन एम-१, म्हणजे सरळ साखळ्या जोडतं. त्यांच्यावर नेमो हे प्रथिन बसतं, आयकेके किनेज (फॉस्फेट लावणारं एन्झाइम) जागं होतं, एनएफ-कॅपा-बी ला अडकवून ठेवणाऱ्या आय-कॅपा-बी वर फॉस्फेट लागतो, प्रोटिअसोम (पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र) त्याचा निकाल लावतो आणि मोकळं झालेलं एनएफ-कॅपा-बी केंद्रकात शिरून दाहाची जनुकं चालू करतं. याच जनुकांत टीएनएफएआयपी-३ सुद्धा असतं, ज्यापासून ए-२० बनतं. म्हणजे संकेत स्वतःच आपला लगाम तयार करून घेतो. इथपर्यंत ठीक.

आता अडचण. २००४ मध्ये आलेलं आणि अजूनही पाठ्यपुस्तकांत असलेलं चित्र असं की ए-२० चा ओटीयू (साखळी कापणारा) भाग आरआयपीके-१ वरच्या के-६३ साखळ्या कापतो, आणि त्याचीच चौथी झिंक फिंगर (जस्ताच्या आधाराने घडी पडलेला प्रथिनाचा छोटा भाग; ए-२० मध्ये असे सात आहेत) के-४८ साखळ्या लावून आरआयपीके-१ ला प्रोटिअसोमकडे धाडते. पण ए-२० अजिबात नसलेले उंदीर जन्मानंतर काही आठवड्यांतच अनेक अवयवांच्या दाहाने मरतात, आणि ओटीयूमधलं १०३ क्रमांकाचं सिस्टीन (कापण्यासाठी लागणारं अमिनो आम्ल) बदललेले उंदीर मात्र धडधाकट वाढतात! साखळी कापणं हेच मुख्य काम असेल तर ते बंद पडूनही उंदीर जगतो कसा? मग ए-२० ला एन्झाइम तरी कशाला म्हणायचं?

---

पेशीकण

प्रश्न अगदी नेमक्या जागी बोट ठेवणारा आहे.

सातव्या झिंक फिंगरकडे बघा. ती काही कापत नाही, फक्त एम-१ साखळीला घट्ट धरते. तिच्यात बदल केलेल्या उंदरांना आपोआप संधिवात होतो. २०२० मध्ये चौथी आणि सातवी अशा दोन्ही झिंक फिंगर एकाच वेळी निकामी करून पाहिल्या, तेव्हा उंदरांची अवस्था जवळपास ए-२० नसलेल्या उंदरांसारखी झाली. ओटीयू शाबूत असूनही. म्हणजे दाह रोखण्याचा मोठा भार कापण्यावर नाही, धरण्यावर आहे.

धरून नेमकं काय साधतं? दोन गोष्टी. एक, ए-२० साखळीवर बसलं की नेमोसारख्यांना तिथे जागा उरत नाही, त्यामुळे आयकेकेचा जोर उतरतो. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते: ए-२० खाली असलेली एम-१ साखळी इतर एन्झाइमांपासून वाचते. ती साखळी तुटली तर आरआयपीके-१ रिसेप्टरपासून सुटून पेशीला मरणाच्या वाटेला लावू शकतं. मॅक्रोफेज (जंतू गिळणारी रोगप्रतिकारक पेशी) नेक्रॉप्टोसिसने, म्हणजे पेशी फुटून होणाऱ्या मृत्यूने, फुटला की आतला माल बाहेर सांडतो आणि तो स्वतःच दाह पेटवतो. सातवी झिंक फिंगर बिघडलेल्या उंदरांचा संधिवात याच वाटेने येतो. त्यामुळे सेमिनारमध्ये ए-२० ला फक्त ‘एनएफ-कॅपा-बी बंद करणारं’ म्हणू नका. पेशीमृत्यू रोखणारं हेही सांगा, नाहीतर अर्धी गोष्ट सुटेल.

---

सूक्ष्मदर्शी

वरच्याशी सहमत, एक पुरवणी. सगळा दोष टीएनएफच्या माथी मारू नका. ए-२० नसलेल्या उंदरांतून टीएनएफ काढला तरी दाह होतोच. मायडी-८८ (टोल-लाइक रिसेप्टरचा संकेत पुढे नेणारं प्रथिन) काढलं तर मात्र ते बरेच सावरतात. म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंमुळे टोल-लाइक रिसेप्टरकडून (जंतू ओळखणाऱ्या रिसेप्टरकडून) येणारे संकेतही ए-२० आवरत असतं.

---

शंकासूर

खूप आभार दोघांचेही. चित्र बरंच साफ झालं, पण एक गाठ उरली आहे. माणसांत ए-२० च्या जनुकाची एक प्रत बिघडली की होणारा आजार २०१६ मध्ये सापडला: तोंडात आणि जननेंद्रियांवर व्रण, ताप, सांधेदुखी, पोटाच्या तक्रारी, बेहसेट (वारंवार व्रण आणणारा दाहाचा आजार) रोगासारखं चित्र आणि बऱ्याचदा लहानपणीच सुरुवात. त्यातले कितीतरी बदल ओटीयू भागातच आहेत. ओटीयूचं कापणं उंदराला नाही लागलं, मग माणसाला का लागावं?

---

पेशीकण

बदल *कुठे* आहे यापेक्षा तो *कसला* आहे ते बघा. या रुग्णांतले बहुतेक बदल प्रथिन मधेच तोडणारे आहेत: वाचनाची चौकट सरकते किंवा अवेळी थांबा येतो. ओटीयू ए-२० च्या सुरुवातीला आहे आणि सातही झिंक फिंगर त्याच्या पुढे. ओटीयूमध्ये थांबा आला की पुढच्या सगळ्या झिंक फिंगर गेल्याच. उंदरात मात्र एकच अमिनो आम्ल बदललं होतं, बाकी प्रथिन जसंच्या तसं. दोन्हींना ‘ओटीयूतला बदल’ म्हटलं तरी परिणामात जमीन-अस्मानाचा फरक.

---

दाहवैद्य

मी संधिवाताचे रुग्ण बघतो, म्हणून उपचारांच्या अंगाने लिहितो. या आजारात कॉल्चिसिन (दाह कमी करणारं जुनं औषध), टीएनएफ रोखणारी औषधं, आयएल-१ (दाहाचा आणखी एक संदेशवाहक) रोखणारी औषधं वापरली जातात, काहींना जॅक किनेज (पेशीत दाहाचे संकेत पोचवणारी एन्झाइमं) रोखणारीही. ए-२० परत देता येत नाही, म्हणून ते ज्याला आवरत होतं त्याला पुढच्या पायरीवर अडवायचं.

मात्र ‘एन्झाइमचं कापणं महत्त्वाचं नसतं’ असा सरसकट निष्कर्ष काढू नका, ही कळकळीची विनंती. ओटुलिन हे दुसरं एन्झाइम बघा. ते फक्त एम-१ साखळ्या कापतं. त्याची कापण्याची ताकद काढून घेतली तर उंदीर गर्भातच मरतो, आणि माणसांत ते बिघडलं की तान्ह्या वयातच तीव्र दाह सुरू होतो. तिथे कापणं हेच सर्वस्व आहे. आरआयपीके-१ चं उलट: त्याची किनेज क्रिया बंद केलेले उंदीर निरोगी राहतात, पण अख्खं प्रथिन काढलं तर पिल्लं जन्मानंतर लगेच दगावतात, कारण ते सांगाडा म्हणूनही काम करतं.

औषध शोधणाऱ्यांसाठी हा फरक जीवन-मरणाचा आहे. नेहमीची रोधक औषधं बहुधा क्रिया थांबवतात, सांगाडा जागेवरच राहतो. टोल-लाइक रिसेप्टरखालच्या आयआरएके-४ या किनेजला नुसतं रोखण्याऐवजी पेशीकडूनच नष्ट करवणारी औषधं त्यासाठीच तयार केली जात आहेत.

---

शंकासूर

दाहवैद्य, ही तुलना तर सोन्यासारखी मिळाली. ए-२०, ओटुलिन आणि आरआयपीके-१ तिन्ही शेजारी मांडतो आणि प्रत्येकाखाली दोन ओळी: क्रिया बंद केली तर काय होतं, प्रथिन काढलं तर काय होतं. मग ओटीयूच्या उंदराबद्दल कुणी विचारायच्या आधीच उत्तर समोर असेल.

---

सूक्ष्मदर्शी

तक्ता छान होईल. त्यात एक तिसरी ओळ घाला: धरण्याची जागा बिघडवली तर काय होतं. ए-२० चं वेगळेपण तिथेच दिसतं. आणि ओटीयूच्या उंदराबद्दल बोलताना ‘कापण्याला काहीच अर्थ नाही’ असं म्हणू नका. त्या उंदरांच्या पेशींमध्ये संकेत लांबतो की नाही याचे निष्कर्ष सगळ्या प्रयोगशाळांत सारखे आलेले नाहीत. ‘उंदीर आपणहून आजारी पडत नाही’ एवढंच म्हणा, तेवढं पक्कं आहे.