मदत हवी आहे: पोटरीचे खोल स्नायू नीट कसे समजून घ्यावेत?

नमस्कार मंडळी,

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. पोटरीच्या वरच्या थरातले गॅस्ट्रोक्निमियस आणि सोलियस हाताला लागतात, त्यामुळे लक्षात राहतात. अडतंय ते सोलियसच्या खाली.

टिबियालिस पोस्टेरियर हा स्नायू सगळ्यात खोल, पुढे सांगितलेल्या दोघांच्या मधोमध. फ्लेक्सर डिजिटोरम लाँगस आतल्या बाजूला टिबियावर (नडगीच्या हाडावर), पण जातो बाहेरच्या चार बोटांना. फ्लेक्सर हॅल्युसिस लाँगस बाहेरच्या बाजूला फिब्युलावर (नडगीशेजारच्या बारीक हाडावर), आणि जातो थेट अंगठ्याला! म्हणजे वाटेत दोघं एकमेकांना ओलांडणारच. ते तळपायात होतं, हे कळलं. पण त्याआधी घोट्याच्या वर टिबियालिस पोस्टेरियरचा टेंडनही (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) डिजिटोरमच्या पुढून सरकून सर्वात पुढे येतो. घोट्यामागचा क्रम पाठ आहे: टिबियालिस, डिजिटोरम, धमनी, नर्व्ह, हॅल्युसिस. नुसत्या पाठांतराने मात्र तळपायाशी पोचलं की गोंधळ उडतो. तिथे त्वचा खाली असते, त्यामुळे 'खोल' म्हणजे वर, हाडांकडे. डिजिटोरम हॅल्युसिसला वरवरच्या बाजूने ओलांडतो म्हणजे तळव्याच्या त्वचेच्या बाजूने, हे दरवेळी थांबून ताडून पाहावं लागतं.

ज्यांनी डिसेक्शन (शवविच्छेदन) केलंय किंवा शिकवलंय त्यांना विचारते: गुडघ्याखाली, घोट्याच्या वर आणि तळपायात असे आडवे छेद काढून सराव करावा, की एकेक टेंडन उगमापासून शेवटपर्यंत रंगवावा? शिवाय हॅल्युसिसचा टेंडन घोट्यामागे बोटाने चाचपायची खात्रीशीर पद्धत कोणी सांगेल का? टिबियालिसचा सापडतो, हा अजिबात सापडत नाही.