आई-बाबांना टोकियोत एक दिवस, गाईडबरोबर

नमस्कार मंडळी,
पुढच्या महिन्यात आई-बाबा येतायत. एक दिवस गाईड घेऊन टोकियो दाखवायचं म्हणतेय, एका टूरमध्ये आठ ठिकाणं आहेत पण आईचा गुडघा दुखतो. कुणी नेलंय का आपल्या माणसांना?

---

ताई, आठ ठिकाणं अजिबात नको. आम्ही मागच्या रविवारी सासू-सासऱ्यांना घेऊन फक्त असाकुसा हा टोकियोतला जुना भाग केला आणि दिवस पुरला नाही. गाईड म्हणजे एक रिटायर्ड आजोबा, इंग्रजी सावकाश बोलायचे त्यामुळे सासऱ्यांना सगळं कळत होतं. तिथल्या सेन्सोजी या बौद्ध देवळाची गोष्ट त्यांनी सांगितली, ६२८ साली दोन कोळी भावांच्या जाळ्यात सुमिदा नदीत कान्नोनची, म्हणजे बौद्धांच्या करुणेच्या देवतेची, मूर्ती आली म्हणे, तर सासूबाई लगेच म्हणाल्या, आपल्या महडचा वरदविनायकसुद्धा तळ्यातच सापडला ना! मग आजोबांनी आवारातलं जिन्कोचं झाड दाखवलं, १० मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालेलं, काळी खूण अजून आहे आणि वर हिरवी पालवी. मुख्य देऊळही त्याच रात्री जळलं, आत्ताचं १९५८ चं आहे. तिथं आम्ही सगळेच गप्प झालो होतो.

पण खरं सांगायचं ते पुढेच आहे. तिथून दहा-पंधरा मिनिटांवर, नदीकाठी छोट्याशा टेकडीवर मात्सुचियामा शोदेन म्हणून देऊळ आहे, तिथले कांगितेन म्हणजे आपले गणपतीच! भारतातून चीनमार्गे बौद्ध धर्माबरोबर आलेले. मूर्ती कुणालाच दाखवत नाहीत, दार बंदच असतं, आणि नैवेद्याला मोदक नाही तर पांढरा मुळा, ज्याला इथं दाइकोन म्हणतात. देवळात जिकडे तिकडे मुळ्याची आणि पैशाच्या बटव्याची चित्रं कोरलेली. मुळा तब्येतीसाठी आणि घरात गोडीनं राहण्यासाठी, बटवा धंद्यासाठी. सासूबाई बंद दारासमोर उभं राहून अथर्वशीर्ष म्हणाल्या, आजोबा हात जोडून शेवटपर्यंत ऐकत उभे होते. मला भरूनच आलं.

---

दादा, केवढं छान! मुळा आपण न्यायचा का? आणि चढ, जेवण?

---

मुळा देवळातच विकत मिळतो. पायऱ्या आहेत, पण वर जायला छोटी फुकट गाडीपण आहे, आईंना तीच बरी. जेवणाचं मात्र नीट ठरवा, सोबा-उदोन या नूडल्सच्या सूपमध्ये बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो, नुसतं भाजी दिसली म्हणून शाकाहारी समजू नका. आम्ही दशम्या आणि चटणी नेली होती. दुपारनंतर पाय दुखत असतील तर सुमिदा नदीवरची बोट घ्या, बसल्या बसल्या पूल बघता येतात, वेळापत्रक आधी बघून ठेवा.

आणि हो, वाहिलेले मुळे नंतर प्रसाद म्हणून घरी न्यायला ठेवलेले असतात. आम्हाला एक मिळाला. सासूबाईंनी त्याच रात्री दही घालून कोशिंबीर केली, शेजारच्या जपानी काकूंनाही वाटीभर दिली.